पराभवाचे बिल कोणाच्या नावावर? वायमार, १९६२ आणि तळोजा

एक समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. नवी लोकशाही युद्ध हरली की कोसळते. पुरावा म्हणून जर्मनीकडे बोट दाखवले जाते. पहिले महायुद्ध हरले, व्हर्सायचा अपमानकारक तह झाला, नोटांची रद्दी झाली, लोक चिडले आणि हिटलर आला. गोष्ट संपली. मग या गोष्टीचे तात्पर्य आपल्या गळ्यात मारले जाते: देश संकटात असताना हक्कांची भाषा नको, आधी देश मजबूत होऊ द्या, समतेचे नंतर बघू.

आम्हाला हे तात्पर्य मान्य नाही. ज्या इतिहासावर ते उभे केले जाते तो इतिहासही अर्धाच सांगितला जातो. भारताचे प्रजासत्ताक बारा वर्षांचे असताना १९६२ साली चीनकडून हरले. नवे होते, गरीब होते, निरक्षर होते. तरी ते कोसळले नाही. मग जर्मनीत जे झाले ते इथे का झाले नाही? आणि जे इथे झाले ते आपल्याला शाळेत का शिकवले नाही? हे दोन प्रश्न आपल्या तरुणांनी विचारलेच पाहिजेत, कारण त्यांच्या उत्तराचा एक धागा थेट आपल्या तळोज्यापर्यंत येतो.

जर्मनीत खरे काय घडले

२९ सप्टेंबर १९१८ रोजी जर्मन सेनापती लुडेनडॉर्फ आणि हिंडेनबर्ग यांनीच सरकारला सांगितले की युद्ध हरलो आहोत, तातडीने युद्धबंदी मागा. ९ नोव्हेंबरला कैसरची सत्ता गेली, प्रजासत्ताक घोषित झाले. ११ नोव्हेंबरला युद्धबंदीच्या कागदावर सही करायला कोण गेले? सेनापती गेले नाहीत. माथियास एर्झबर्गर नावाचा संसदेतला नागरी नेता गेला. पुढच्या वर्षी चौकशी समितीपुढे हिंडेनबर्ग साक्षीला आला आणि म्हणाला, सैन्य हरले नाही, त्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. ज्याने युद्ध हरल्याची कबुली दिली तोच फिर्यादी झाला. ज्याने देशासाठी सही केली त्या एर्झबर्गरचा १९२१ साली खून झाला. परराष्ट्रमंत्री राथेनाऊ ज्यू होता, त्याचा १९२२ साली खून झाला. आणि हिंडेनबर्ग? १९२५ साली तो त्याच प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला.

१९१९ चे वायमार संविधान कागदावर उत्तम होते. स्त्री-पुरुष सर्वांना मत होते, कामगारांचे हक्क होते. पण संविधानाखाली समाज तोच राहिला. लष्करी अधिकारी तेच, पूर्वेकडचे मोठे जमीनदार तेच, प्राध्यापक तेच आणि न्यायाधीशही कैसरच्या काळातलेच. गुंबेल नावाच्या गणितज्ञाने १९१८ ते १९२२ मधल्या राजकीय खुनांची मोजदाद केली. उजव्यांनी केलेले खून ३५४, त्यांतले ३२६ विनाशिक्षा राहिले. डाव्यांनी केलेले खून २२, त्यांना मात्र जबर शिक्षा. १९२३ साली सशस्त्र बंड करणाऱ्या हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि शिक्षा सुनावल्यावर वर्षही पुरे व्हायच्या आत तो बाहेर आला. खैरलांजीत अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे कोर्टातून ऐकलेल्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मनीकडून लढले, सुमारे बारा हजार मेले. तरी १९१६ साली, युद्ध चालू असतानाच, ज्यू आघाडीवर जायचे टाळतात का हे बघायला लष्कराने त्यांची वेगळी गणती केली आणि तिचे आकडे युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले. पराभवानंतर याच समाजाला 'देशद्रोही' ठरवले गेले. आपल्याला ही तऱ्हा परकी नाही. कोरेगावच्या दगडावर महार सैनिकांची नावे कोरली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच समाजाची लष्करभरती बंद झाली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा महार पलटण पुन्हा उभी केली, गरज संपल्यावर मोडली. रक्त चालते, माणूस चालत नाही.

तेव्हा १९३० नंतर मंदी आली, १९३२ पर्यंत साठ लाख लोक बेकार झाले, तेव्हा या लोकशाहीच्या बाजूने उभे राहायला तिच्याच कचेऱ्यांत आणि कोर्टांत फारसे कोणी उरले नव्हते. राष्ट्राध्यक्षाच्या वटहुकुमांवर राज्य चालू लागले. २७ फेब्रुवारी १९३३ ला संसद जळाली, दुसऱ्या दिवशी मूलभूत हक्क स्थगित झाले, २३ मार्चला संसदेने स्वतःचे अधिकार हिटलरच्या हवाली केले. हे सगळे त्याच संविधानाचे नाव घेऊन झाले. युद्ध हरून तोवर चौदा वर्षे लोटली होती. नुसत्या पराभवाने लोकशाही मरत असती तर ती १९१९ सालीच मरायला हवी होती.

बाबासाहेबांनी आधीच सांगितले होते

सप्टेंबर १९४३. हिटलर अजून जिवंत आहे, दुसरे महायुद्ध चालू आहे. दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिराच्या समारोपाला व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूरमंत्री डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहतात आणि नेमका हाच प्रश्न घेतात: इटली, जर्मनी, रशिया, स्पेन इथे संसदीय लोकशाही इतक्या सहज का कोसळली?

त्यांच्या उत्तरात पराभवाला पहिले स्थान नाही. लोकशाहीने स्वातंत्र्याचा ध्यास घेतला पण समतेची ओळखदेखील करून घेतली नाही, हे त्यांचे निदान आहे. कराराचे स्वातंत्र्य म्हणजे बलवानाला दुबळ्याची पिळवणूक करण्याची मोकळीक झाली. मत सर्वांना मिळाले, सत्ता मात्र जुन्याच शासनकर्त्या वर्गाकडे राहिली. अशा लोकशाहीवर संकट आले की गरीब तिच्यासाठी का लढेल? त्याने तिच्यात मिळवले काय होते?

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते आणखी नेमके बोलले. नवजात लोकशाही बाहेरचे रूप कायम ठेवून आतून हुकूमशाही होऊ शकते, आणि निवडणुकीत एकतर्फी लाट आली तर हा धोका वाढतो, हा त्यांचा इशारा होता. राजकारणातली भक्ती हा अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे, हाही त्याच भाषणातला इशारा. १९५२ च्या डिसेंबरात पुण्याच्या वकिलांसमोर लोकशाही टिकण्याच्या अटी सांगताना त्यांनी पहिली अट ठेवली ती समाजात टोकाची विषमता नसण्याची. त्यानंतर विरोधी पक्ष, कायद्यापुढे व कारभारात समान वागणूक, संवैधानिक नीतिमत्ता, अल्पसंख्याकांवर बहुमताची जुलूमशाही नसणे, नैतिक अधिष्ठान आणि लोकांची सद्सद्विवेकबुद्धी. युद्ध जिंकणे ही अट त्या यादीत नाही.

शेजारचे उदाहरण

जर्मनी लांबची वाटत असेल तर पाकिस्तान घ्या. डिसेंबर १९७० मध्ये तिथे प्रौढ मतदानाने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. पूर्व बंगालच्या अवामी लीगला स्पष्ट बहुमत मिळाले. लष्कराने आणि पश्चिमेकडच्या सत्ताधाऱ्यांनी ते मानले नाही, बंगाल्यांवर रणगाडे घातले. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाली. मग भुट्टो आले, १९७३ साली संविधान आले. पराभवाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती हमूदुर रहमान यांचा आयोग नेमला. आयोगाने जबाबदार सेनापतींवर खटले भरायला सांगितले. खटले भरले नाहीत, अहवाल २००० सालापर्यंत जनतेपासून दडवला. बड्या जमीनदारांची पकड सुटली नाही. लष्कर जसेच्या तसे राहिले, त्याला भुट्टोंनी बलुचिस्तानात पुन्हा आपल्याच लोकांवर सोडले. ५ जुलै १९७७ ला झिया यांनी सत्ता घेतली आणि ४ एप्रिल १९७९ ला भुट्टोंना फाशी दिले.

पण त्या लोकशाहीचा कणा आधीच मोडला होता. ज्यांनी बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेत निवडून आणण्यासाठी जिवाचे रान केले ते जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री होते. १९५० साली त्यांना राजीनामा देऊन भारतात यावे लागले. जो देश आपल्या दलित मंत्र्याचे ऐकत नाही, तो वीस वर्षांनी बंगाल्यांचे बहुमत कसे मानणार?

१९६२ : जे टिकले आणि जे मोडले

आता आपल्याकडे. चीनच्या धोक्याबद्दल बाबासाहेब आधीपासून बोलत होते. १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी हिशेब मांडला होता की देशाच्या वर्षाच्या ३५० कोटींच्या उत्पन्नातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, आणि ही वेळ परराष्ट्र धोरणाने मित्र न जोडल्यामुळे आली आहे. १९५४ साली राज्यसभेत त्यांनी तिबेट आणि पंचशील यांवर सरकारला खडे बोल सुनावले. कोणी मनावर घेतले नाही.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनचा हल्ला झाला, २१ नोव्हेंबरला त्याने एकतर्फी युद्धबंदी केली. एका महिन्यात सगळे उघडे पडले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तेव्हापासून आपल्या घराघरांत आहे.

लोकशाही का टिकली? कारण ज्यांचे धोरण चुकले तेच सत्तेवर होते आणि त्यांनाच संसदेत उभे राहून ऐकून घ्यावे लागले. हरलेला सेनापती फिर्यादी होऊ शकला नाही, कारण लष्कर निवडून आलेल्यांच्या हाताखाली होते. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला, पण नेहरूंना उत्तर द्यावे लागले. १९६७ ला निवडणूक वेळेवर झाली आणि अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली. संविधानाने जो सांगाडा उभा केला होता त्याने हे वजन पेलले. हे श्रेय सह्याद्रीच्या एका माणसाला देऊन मोकळे होणाऱ्यांनी संविधानाच्या शिल्पकाराचेही नाव घ्यावे.

पण आम्ही इथे थांबणार नाही. इथे थांबणे म्हणजे सरकारी इतिहास सांगणे. पराभवाचे बिल भारतातही फाडले गेले, आणि ते ज्यांच्या नावावर फाडले गेले त्यांचा पराभवाशी काही संबंध नव्हता. आसाम-बंगालात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना घरातून उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले. त्यांत म्हातारे होते, पोरे होती. काही जण तिथे काही वर्षे राहिले. कोणावर खटला नव्हता, गुन्हा नव्हता. चेहरा हाच गुन्हा. दुसरीकडे पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. चूक करणाऱ्यांची कागदपत्रे कुलपात, आणि चेहरा वेगळा असणारी माणसेही कुलपात.

२६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी जाहीर झाली, भारत संरक्षण कायद्याचे नियम आले, हक्कांसाठी कोर्टात जायची वाट बरीचशी बंद झाली. युद्ध चालले एक महिना. आणीबाणी चालली १० जानेवारी १९६८ पर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून जास्त.

अणूचे पुस्तक आणि भूमिहीनांचा तुरुंग

त्या पाच वर्षांतल्या महाराष्ट्रातल्या दोन गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हव्यात.

पहिली. मुंबईचे मार्क्सवादी नेते प्रभाकर संझगिरी यांना या नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केले होते. आत त्यांनी मराठीत विज्ञानाचे पुस्तक लिहिले, 'अणूच्या अंतरंगात'. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या, इतकीच मागणी होती. राज्य सरकारने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने अनुक्रमणिका पाहिली आणि सांगितले की हे निव्वळ विज्ञान आहे, याने देशाला काय धोका? सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर १९६५ मध्ये तिथेही हरले. स्थानबद्ध माणसाचेही कायद्याने न काढलेले हक्क शिल्लक असतात, हे या खटल्याने देशाला दिले.

दुसरी गोष्ट आपली. आणीबाणी चालू होती, देश संकटात आहे असे सांगून सगळ्यांना गप्प केले जात होते. तेव्हा दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने काय केले? ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशव्यापी भूमी सत्याग्रह सुरू केला. भूमिहीनांना पडीक जमीन द्या, धान्याचे भाव आवरा, झोपडपट्टीवाल्यांचे बघा, किमान वेतन द्या, बौद्धांना सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा. चळवळीच्या नोंदीप्रमाणे तीन लाखांहून अधिक स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पोरे कडेवर घेऊन बाया गेल्या.

हा देशद्रोह होता का? आमच्या मते १९६२ च्या पराभवानंतर लोकशाहीची सर्वांत मोठी सेवा कोणी केली असेल तर ती या लोकांनी केली. वायमारच्या गरिबाला लोकशाहीत आपले काही दिसले नाही. आपल्या भूमिहीनाला दिसले, कारण बाबासाहेबांनी त्याला संविधान आपले मानायला शिकवले होते. हक्क मागणारा माणूस त्या व्यवस्थेवर विश्वास ठेवत असतो. ज्या दिवशी तो मागणे सोडतो त्या दिवशी राज्यकर्त्यांनी घाबरावे.

मग लोकशाही पडली कधी?

तरीही ती पडलीच. २५ जून १९७५ ला. आणि इथे त्या प्रचलित समजाची पुरती वाट लागते. कारण १९७५ पूर्वीचे युद्ध आपण हरलो नव्हतो, जिंकलो होतो. १९७१ च्या विजयाने इंदिरा गांधींची प्रतिमा देवीसारखी झाली. ३ डिसेंबर १९७१ ला युद्धासाठी लावलेली आणीबाणी युद्ध संपल्यावरही उठवली नाही, ती चालू असतानाच दुसरी, अंतर्गत आणीबाणी लादली. बाबासाहेबांनी १९४९ ला सांगितलेल्या दोन्ही गोष्टी, लाट आणि भक्ती, एकाच वेळी हजर होत्या.

त्या विजयाच्या धुंदीतही विचारणारे कोण होते? जुलै १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी १५ ऑगस्टला 'साधना'त राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला आणि महाराष्ट्र हादरला. जानेवारी १९७४ मध्ये वरळीची दंगल झाली, भागवत जाधव शहीद झाले. विजयाचा वाटाही वस्तीपर्यंत आला नव्हता. हार असो की जीत, बिल आपल्याच नावावर.

तळोजा

आता तो धागा. १९६३ साली, युद्धानंतर, सोळावी घटनादुरुस्ती झाली. देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता या नावाखाली भाषण, सभा आणि संघटना या हक्कांवर नवे निर्बंध घालायला तिने वाट काढली. त्या वाटेने ३० डिसेंबर १९६७ ला एक कायदा आला: बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, ज्याला आज आपण यूएपीए म्हणतो. अकरा दिवसांनी, १० जानेवारी १९६८ ला, चिनी युद्धाची आणीबाणी उठली. तात्पुरते हत्यार म्यान झाले, पण कायमचे हत्यार आधीच घडवून ठेवले होते. २००४ साली त्यात दहशतवादाची कलमे आली, २००८ साली जामीन जवळजवळ अशक्य झाला, २०१९ साली संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी ठरवायची सोय झाली.

याच कायद्याखाली भीमा कोरेगाव प्रकरणातले अनेक आरोपी पनवेल तालुक्यातल्या आपल्या तळोजा कारागृहात ठेवले गेले. फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे, पार्किन्सनने हात थरथरणारे. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला कोठडीतच, रुग्णालयात, त्यांचा मृत्यू झाला, जामीन शेवटपर्यंत मिळाला नाही. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्या दिवशी, शरण गेले आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधानदिनी, तळोज्यातून जामिनावर बाहेर आले. गौतम नवलखा यांना पाठवलेले वुडहाउसचे विनोदी पुस्तक तुरुंग प्रशासनाने सुरक्षेला धोका म्हणून नाकारले, असे त्यांच्या वकिलांनी २०२२ साली उच्च न्यायालयात सांगितले, तेव्हा न्यायमूर्तींनाही ते हास्यास्पद वाटले. १९६५ साली अणूच्या पुस्तकाची भीती, २०२२ साली विनोदाच्या पुस्तकाची. खटल्यात दोषी कोण, निर्दोष कोण हे कोर्ट ठरवेल. पण निकालाआधीच वर्षानुवर्षे आत ठेवणे ही स्वतःच शिक्षा आहे, आणि ती १९६२ च्या भीतीतून जन्मलेली आहे, हे सांगायला निकालाची वाट बघायची गरज नाही.

तळोजा आणि महाड एकाच रायगड जिल्ह्यात आहेत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या परिषदेची तुलना १७८९ च्या व्हर्सायच्या सभेशी केली होती. जर्मनीत व्हर्साय या शब्दाचा अर्थ अपमान आणि सूड असा लावला गेला, आणि त्या सुडाने लोकशाही गिळली. महाडला बाबासाहेबांनी त्याच शब्दाचा अर्थ समता असा लावला. शतकानुशतकांचा पराभव तर आपल्या लोकांच्याही पाठीवर होता, कोणत्याही जर्मनाच्या पाठीवर होता त्यापेक्षा जड. त्यातून त्यांनी सूड काढला नाही, संविधान काढले.

म्हणून तरुण मित्रांनो, पुन्हा कधी सीमेवर संकट आले आणि कोणी तुम्हाला म्हणाले की आता हक्कांची भाषा नको, तर त्याला तीन प्रश्न विचारा. हे संकट कोणाच्या धोरणामुळे आले, आणि त्याचे कागद कधी खुले होणार? याचे बिल कोणाच्या वस्तीत पाठवणार? संकटासाठी आणलेला कायदा संकट संपल्यावर कोणत्या तारखेला परत जाणार? तिन्हींची उत्तरे मिळत नसतील तर धोका सीमेपलीकडे जितका आहे तितकाच अलीकडेही आहे, असे समजा. आणि १९६४ च्या आपल्या आयाबायांसारखे, मागणे सोडू नका.

जय भीम. जय संविधान.